बियाण्याचें मातृकुळ

गेल्या मृगाच्या आधीं आमच्या मंडळाची जी बैठक झाली, तींत एका तरुण सभासदानें एक प्रश्न विचारला. त्याच्याकडे बारा एकर जमीन. तींत त्यानें चार निरनिराळ्या कंपन्यांचें बियाणें पेरण्याचें योजिलें होतें. "एक फसलें तर तीन राहतील; धोका वांटला गेला कीं नाहीं?" असें त्याचें म्हणणें. सभेंतील बहुतेकांनीं माना डोलविल्या, व आम्हींहि त्या वेळीं डोलविली. घरीं परत आल्यावर मात्र आम्हांस आमच्या नोकरींतील एक जुनी गोष्ट आठवली आणि ती मान डोलविल्याचें वाईट वाटूं लागलें. त्या प्रश्नाचें जें उत्तर सभेंत द्यावयास पाहिजे होतें, तें आज येथें देत आहों. तें थोडें लांबलें, आणि अमेरिकेंतून व पेशीच्या पोटांतून फिरून आलें, तर वाचकांनीं क्षमा करावी.

आम्ही कचेरींत कारकून असतांना एका वर्षीं बाजरीवर गोसावी पडला होता. पंचनाम्याचे कागद गांवोगांवाहून आमच्या टेबलावर येत. गट नंबर, खातेदाराचें नांव, पीक, क्षेत्र, नुकसानीचें प्रमाण, एवढेच रकाने. एका गांवच्या तलाठ्यानें प्रत्येक ओळीसमोर समासांत पेन्सिलीनें बियाण्याच्या पिशवीवरचें नांव टिपून ठेविलें होतें. त्या गांवांत पांच नांवें होतीं, आणि पांचांचीहि दशा सारखीच झाली होती. ही नोंद तक्त्यांत घ्यावी काय, असें आम्हीं वरिष्ठांस विचारलें. "रकाना नाहीं," असें उत्तर मिळालें. आम्हीं ती पेन्सिल खोडरबरानें पुसून कागद स्वच्छ केला आणि पुढें पाठविला. हें आम्हीं आमच्याच हातानें केलें, दुसऱ्या कोणीं नव्हे.

पिशवीवरचीं नांवें पांच असलीं तरी आंतील कुळ एकच असूं शकतें, ही गोष्ट तेव्हां आमच्या ध्यानांत आली नाहीं. ती किती महाग पडूं शकते हें अमेरिकेंतील मक्याच्या 1970 सालच्या रोगावरून जितकें स्पष्ट दिसतें तितकें दुसऱ्या कशावरूनहि दिसत नाहीं. तिचें मूळ पेशींतील एका अतिसूक्ष्म दारांत आहे. कृषि महाविद्यालयांत शिकविणाऱ्या एका स्नेह्यानें हा विषय आम्हांस अनेक संध्याकाळीं बसून समजावून दिला. आमचें शिक्षण मराठी शाळेपुरतें. तेव्हां त्यानें सांगितलेलें आम्ही आमच्या भाषेंत सांगतों.

मक्याच्या झाडास नर व मादी अशीं दोन्ही फुलें असतात, पण तीं वेगवेगळ्या ठिकाणीं. शेंड्यावरचा तुरा हा नर, कमरेशीं येणारें कणीस ही मादी. संकरित बियाणें करावयाचें तर दोन वाणांच्या ओळी शेजारीं शेजारीं लावून, ज्या वाणाचीं कणसें घ्यावयाचीं त्याचे तुरे पराग झडण्यापूर्वीं उपटून टाकावे लागतात. अमेरिकेंत हें काम उन्हाळ्याच्या सुटींत शाळेचीं मुलें हजारोंनीं करीत. एखादा तुरा नजरेंतून सुटला तर बियाण्यांत भेसळ, आणि मजुरीचा खर्च दरसाल डोक्यावर. यावर तोड निघाली ती अशी. ज्याच्या तुऱ्यांत पराग धरतच नाहीं असें मक्याचें एक कुळ टेक्सास राज्यांत सांपडलें, आणि त्याच्या उपयोगाची माहिती रॉजर्स व एडवर्डसन या दोघांनीं 1952 सालीं प्रसिद्ध केली. हा नर-वांझपणा पेशीच्या केंद्रकांत नसून त्याच्या भोंवतींच्या पेशीद्रव्यांत होता. म्हणून त्यास 'टेक्सास पेशीद्रव्य' असें नांव पडलें. कनेक्टिकट येथील प्रयोगक्षेत्रावरील डोनाल्ड जोन्स यांनीं पराग परत आणणारीं जनुकें नराच्या बाजूनें देण्याची युक्ति बसविली व तिचें पेटंट त्यांस 1956 सालीं मिळालें. म्हणजे बियाणें तयार करितांना माता नर-वांझ, आणि तेंच बियाणें शेतकऱ्याच्या रानांत उगवलें कीं तुऱ्यांतून पराग व्यवस्थित झडे. शेतकऱ्यास कांहीं कळण्याचें कारणच नव्हतें.

पेशीद्रव्य म्हणतां त्यांत तंतुकणिका आल्या. पेशीस लागणारी शक्ति निर्माण करणारे हे बारीक कण होत. त्यांचें स्वतःचें थोडेंसें जनुकधन असतें आणि तें बहुतेक पिकांत केवळ मातेकडून पुढें जातें; परागाबरोबर येत नाहीं. आमचें सारें आयुष्य वारसांच्या नोंदी धरण्यांत गेलें. तेथें बापाचें नांव, आजाचें नांव. आईचें नांव क्वचित्. सरकारी कागदांत आईचें नांव लावण्याचा महाराष्ट्र सरकारचा निर्णय 2024 सालीं झाला. तंतुकणिकांचें दप्तर मात्र पहिल्यापासून आईच्याच नांवावर आहे. या कारणानें, एका मातेच्या कुळास शंभर निरनिराळे नर लाविले आणि शंभर नांवांनीं बियाणें विकलें, तरी शंभराहि पिशव्यांत तंतुकणिका त्या एकाच मातेच्या राहतात.

1970 सालापर्यंत अमेरिकेंतील मक्याच्या सुमारें 80 ते 85 टक्के क्षेत्रावर हें टेक्सास पेशीद्रव्य पसरलें होतें. कंपन्या अनेक होत्या, वाण अनेक होते, जाहिराती तर विचारावयासच नको. त्या वर्षीं दक्षिणेकडे फ्लॉरिडाच्या बाजूस पानांवर करपा दिसूं लागला. त्या बुरशीस तेव्हां हेल्मिंथोस्पोरियम मेडिस म्हणत, आतां बायपोलॅरिस मेडिस म्हणतात. बुरशी जुनीच, पण तिची ही जाति नवी होती. शास्त्रज्ञांनीं तिला 'टी' असें नांव दिलें. जुन्या जातीनें पानांवर चार ठिपके पडत व पीक निभावून जाई. या नव्या जातीनें पान, खोडावरचीं आवरणें, कणीस, कांहींच सोडलें नाहीं. उष्ण व दमट हवा मिळाली, बीजाणू वाऱ्यावर स्वार झाले, आणि सप्टेंबर येईतों रोग उत्तरेच्या सरहद्दीपर्यंत पोंचला. देशाच्या एकंदर मक्यापैकीं सुमारें 15 टक्के पीक गेलें. दक्षिणेच्या कांहीं भागांत अर्धें व त्याहूनहि अधिक. नुकसानीचा अंदाज त्या काळच्या 100 कोटी डॉलरांचा होता. ज्या शेतकऱ्यांनीं चार कंपन्यांचें बियाणें घेऊन धोका वांटला होता, त्यांच्या चारहि पट्ट्या एकदमच करपल्या. ज्यांच्याकडे जुन्या साध्या पेशीद्रव्याचा मका होता, तो मात्र शेजारींच हिरवा उभा होता.

इशारा आधीं मिळाला नव्हता असें नाहीं. फिलिपाइन्समधील मर्काडो व लांटिकन यांनीं 1961 सालींच लिहून ठेविलें होतें कीं, टेक्सास पेशीद्रव्याचा मका या करप्यास फार बळी पडतो. अमेरिकेंतील जाणत्यांनीं तो फिलिपाइन्सच्या हवेचा दोष समजला. दूरच्या लहान कचेरींतून आलेला अहवाल वरच्या कचेरींत कसा वाचला जातो, याचा आम्हांस पुरेसा अनुभव असल्यामुळें आम्हांस याचें नवल वाटलें नाहीं.

आतां त्या सूक्ष्म दाराकडे येऊं. तंतुकणिकेस दोन पटलें असतात, एक बाहेरचें व एक आंतलें. बाहेरच्या पटलांत रुंद छिद्रें असलेलीं प्रथिनें असतात, व त्यांतून लहानसहान द्रव्यें ये-जा करितात. आंतलें पटल मात्र अत्यंत बंदिस्त. तें असें बंदिस्त कां असावें याची उपपत्ति पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञानें 1961 सालीं मांडली, आणि तिजबद्दल त्यांस 1978 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तिचें सार शेतकऱ्यास धरणाच्या उदाहरणानें सहज समजेल. अन्नाच्या ज्वलनांतून मिळणाऱ्या शक्तीनें ही तंतुकणिका हायड्रोजनाचे विद्युद्भारित कण आंतल्या पटलाच्या पलीकडे उपसून टाकिते. पलीकडे त्यांचा सांठा होतो, जसें धरणांत पाणी. ते कण परत आंत येऊं पाहतात, पण त्यांस वाट ठेविलेली असते ती मुख्यतः एका फिरत्या चाकांतूनच. त्या चाकाच्या फेऱ्यांवर एटीपी नांवाचें द्रव्य घडतें, आणि पेशीचें बहुतेक काम त्या एटीपीवर चालतें. म्हणून भिंत पक्की असली पाहिजे. भिंतीस भगदाड पडलें कीं पाणी चाकावर न जातां तसेंच वाहून जाणार. उपसा चालूच, पण हातीं कांहीं नाहीं.

टेक्सास पेशीद्रव्याच्या आंतल्या पटलांत यूआरएफ-13 नांवाचें एक जादा प्रथिन असतें. साध्या मक्यांत तें नाहीं. त्याची सांखळी 115 कड्यांची. हें प्रथिन ज्या जनुकापासून होतें तें जनुक अस्सल नव्हे. तंतुकणिकेच्या दुसऱ्याच जनुकांचे तुकडे योगायोगानें एकापुढें एक येऊन तें जुळलें आहे. आम्ही हें ऐकलें तेव्हां आमच्या डोळ्यांपुढें फाटक्या फेरफाराच्या कागदांचे तुकडे चिकटवून तयार झालेला सातबारा उभा राहिला. उत्तर कॅरोलिना राज्य विद्यापीठांत ड्यूई, लेव्हिंग्ज व टिमोथी यांनीं हें जनुक 1986 सालीं उजेडांत आणिलें. या प्रथिनाचे अनेक रेणू पटलांत एकमेकांस लागून उभे राहतात, आणि एरवीं दार बंद असतें. झाड वाढतें, कणीस भरतें, रंगरूप उत्तम. पण बुरशीची ती 'टी' जाति एक विष सोडते. तें विष त्या प्रथिनास जाऊन चिकटलें कीं दार उघडें पडतें आणि पटलास भोंक होतें. आंतलीं आवश्यक द्रव्यें गळूं लागतात, सांठविलेला भार निघून जातो, तंतुकणिका फुगते, आणि पेशी उपाशी मरते. साध्या मक्याच्या तंतुकणिकांवर त्याच विषाचा तसा परिणाम होत नाहीं, हें मिलर व केप्पे यांनीं 1971 सालींच, म्हणजे रोगाच्या दुसऱ्याच वर्षीं, दाखविलें होतें. पुढें 1988 सालीं हें प्रथिन मक्याशीं कांहीं संबंध नसलेल्या एका जंतूंत निर्माण करून पाहिलें, तर तो जंतुहि त्या विषास बळी पडूं लागला. मग दोष कोठें आहे याविषयीं शंका राहिली नाहीं. मेथोमिल या कीटकनाशकानेंहि तेंच दार उघडतें.

आमच्या मतें या सर्व प्रकरणांत सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट पुढेंच आहे. शास्त्रज्ञांस वाटलें, नर-वांझपणा ठेवावा आणि रोगाचा बळीपणा तेवढा काढून टाकावा. मिनेसोटा विद्यापीठांत मक्याच्या पेशी काचेच्या भांड्यांत वाढवून त्यांवर तें विष घालण्यांत आलें, आणि ज्या जगल्या त्यांपासून झाडें तयार केलीं. 1977 सालीं त्याचा वृत्तान्त आला. झाडें विषास दाद देत नव्हतीं खरीं, पण त्यांच्या तुऱ्यांत पराग आले होते. एक गेलें तें दुसऱ्यास घेऊन गेलें. जें प्रथिन कंपनीच्या सोयीचें होतें, तेंच बुरशीच्याहि सोयीचें होतें. तुऱ्यांत पराग पोसणाऱ्या थराच्या पेशींत ऐन वेळीं तंतुकणिकांची संख्या कितीतरी पटींनीं वाढते, आणि नेमका तो थर या कुळांत ढांसळतो. तोच गुण, तोच दोष. व्यवहारांत असें पुष्कळदां दिसतें, पण येथें तें 115 कड्यांच्या एका सांखळींत मोजून दाखवितां आलें.

असलीं दारें केवळ मक्यांतच असतात असें नाहीं. बाहेरच्या पटलांतील रुंद छिद्राचें प्रथिन प्रथम 1976 सालीं एका सूक्ष्म जलचराच्या तंतुकणिकांत सांपडलें, आणि आज तें माणसाच्या प्रत्येक अवयवांत आहे असें ठरलें आहे. म्हाताऱ्या वा बिघडलेल्या पेशीस मारावयाचें असतें तेव्हां शरीर स्वतःच तंतुकणिकेच्या बाहेरच्या पटलास भोंकें पाडतें, व आंतील एक प्रथिन बाहेर सुटून मृत्यूची आज्ञा पोंचवितें. कर्करोगाच्या पेशी ही आज्ञा पोंचूं देत नाहींत. हृदयाची बुजलेली नाडी पुन्हां उघडतांना तंतुकणिकांचें आंतलें पटल एकाएकी गळकें होऊन आणखी पेशी मरतात, म्हणून डॉक्टर लोक त्या दारामागें लागले आहेत. आणि आमच्या बांधावरचा शंकेश्वर, ज्यास कोणी लांडगा म्हणतात, त्याचे कोंवळे दोन पानांचे अंकुर खाऊन गुरें मरतात तीं एटीपीची ने-आण करणारें प्रथिन त्यांतील विषानें जखडून टाकल्यामुळें. तें छिद्र नव्हे, पण पटल तेंच. पहिल्या पावसानंतर पडीक रानांत गुरें सोडणाऱ्यांनीं एवढें तरी ध्यानांत ठेवावें.

आतां आपल्या घराकडे वळूं. हातानें तुरा काढण्याचा मार्ग ज्वारी-बाजरीस मोकळा नाहीं. एका कणसांत हजारों बारीक फुलें. म्हणून नर-वांझ माता सांपडल्यावांचून त्यांचें संकरित बियाणें विकण्याइतकें कधींच झालें नसतें. 1964 सालीं सीएसएच-1 ही संकरित ज्वारी व 1965 सालीं एचबी-1 ही संकरित बाजरी आली ती अशाच मातांच्या जोरावर. तेव्हां नर-वांझ कुळें वाईट, टाकून द्या, असें म्हणणारांत आम्ही नाहीं. त्या कुळांनीं आपल्या कोरडवाहू मुलुखास भाकर दिली आहे, आणि तें नाकारणें हा कृतघ्नपणा होईल.

परंतु एचबी-1 पासून एचबी-5 पर्यंत पांचहि बाजऱ्यांची माता एकच होती: अमेरिकेंतील टिफ्टन येथें ग्लेन बर्टन यांनीं तयार केलेली टिफ्ट 23-ए. 1970 च्या दशकाच्या आरंभीं त्यांच्यावर गोसावी पडला आणि बाजरीचें पीक बसलें. येथें खरें तें सांगितलें पाहिजे. हा दोष टेक्सास मक्यासारखा तंतुकणिकांचा नव्हता. पुढील प्रयोगांत पेशीद्रव्य निर्दोष ठरलें, व दोष त्या मातेच्या केंद्रकांतील प्रतिकाराच्या उणीवेचा निघाला. कारण वेगळें, पण रानांतलें चित्र तेंच: नांवें पांच, माता एक. टिफ्ट 23-ए चे ते वाण आमच्या कारकुनीच्या आधींच मागें पडले होते. आमच्या तलाठ्यानें पेन्सिलीनें लिहिलेल्या पांच नांवांच्या माता कोणत्या होत्या, हें सांगण्यास आज कागद उरलेला नाहीं. तो आम्हींच पुसला.

सूर्यफुलाचे जगांतील बहुतेक सारे संकरित वाण फ्रान्समधील लेक्लेर यांनीं 1969 सालीं प्रसिद्ध केलेल्या एकाच पेशीद्रव्यावर उभे आहेत. कर्जतच्या केंद्रावरून 1998 सालीं आलेल्या सह्याद्रि या संकरित भाताच्या मातेचें पेशीद्रव्य, चीनच्या हैनान बेटावर 1970 सालीं सांपडलेल्या एका जंगली भाताच्या रोपट्याचें. आणि संकरित भातांपैकीं फार मोठा भाग त्याच रोपट्याच्या वंशाचा आहे. या कुळांनीं आजवर दगा दिलेला नाहीं, हें आम्ही मोकळेपणानें मान्य करितों. पण टेक्सास पेशीद्रव्यहि 1952 पासून 1969 पर्यंत अमेरिकेंत गुणीच समजलें जात होतें.

तेव्हां आमची मागणी काय? 1966 च्या बियाणे कायद्याखालीं पिशवीवर वाणाचें नांव, लॉट नंबर, उगवणशक्ति, शुद्धता, चाचणीची तारीख हें सर्व छापावें लागतें. त्यांत आणखी एक ओळ असावी: माता कोणत्या पेशीद्रव्याची. एक ओळ, फार तर चार अक्षरें. बाजारांत पुष्कळ बियाणें 'सत्यप्रत' म्हणून विकलें जातें. आमच्या कचेरींत सत्यप्रत म्हणजे मूळ कागदाशीं ताडून पाहिलेली नक्कल; येथें मूळ कागद कोणता हेंच घेणारास ठाऊक नसतें.

यावर दोन आक्षेप आम्हीं ऐकले. पहिला, हें व्यापारी गुपित आहे. पण वनस्पति-वाण व शेतकरी हक्कांच्या 2001 च्या कायद्याप्रमाणें वाणाची नोंदणी मागणाऱ्यास त्याच्या मातापित्यांची माहिती अर्जांत द्यावीच लागते. म्हणजे नोंदविलेल्या वाणांपुरता तरी कागद सरकारांत आहे. फक्त पैसे मोजणाऱ्याच्या हातांत नाहीं. शिवाय आम्ही मातेचें बी मागत नाहीं, तिचें कुळ मागतों. नराचें गुपित कंपनीनें खुशाल पेटींत ठेवावें. दुसरा आक्षेप असा कीं, शेतकऱ्यास यांतील काय कळणार? हा आक्षेप आम्हीं निरनिराळ्या खुर्च्यांवरून तीस वर्षें ऐकला आहे. फेरफार कळणार नाहीं, बिनशेतीचा आकार कळणार नाहीं, विम्याची अट कळणार नाहीं. ज्यास म्हशीची आई कोण व तिची आजी किती दूध देई हें पाठ असतें, त्यास बियाण्याची आई कोण हें कळणार नाहीं, असें म्हणणाऱ्यानें एकदां गुरांच्या बाजारांत जाऊन यावें.

तिसरी एक अडचण आहे ती खरी आहे, आणि ती आम्ही झांकीत नाहीं. कुळ छापून आलें आणि सर्व पिशव्यांवर तेंच निघालें, तर शेतकऱ्यानें दुसरें आणावें कोठून? याचें उत्तर संशोधकांपाशीं अर्धें तयार आहे. बाजरींत ए-1 शिवाय ए-4, ए-5 हीं कुळें हाताशीं आहेत. ज्वारींत तर आपल्याच मालदांडीचें एक पेशीद्रव्य आहे, आणि मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी कोणास ठाऊक नाहीं? त्यांस पराग परत आणणारे नर जुळविणें कष्टाचें व खर्चाचें आहे, आणि मागणी नसतांना तो खर्च कोणी करणार नाहीं. पिशवीवर ओळ आली तर मागणी येईल. अमेरिकेंत 1970 नंतर कंपन्यांनीं हिवाळ्यांत परमुलुखांत बियाणें करून, मजूर लावून, पुन्हां हातानें तुरे उपटले. खर्च वाढला, पण तो त्यांनीं केला. 1972 सालीं तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीनें मुख्य पिकांच्या या एकसारखेपणावर एक मोठा अहवालच काढला. तें सर्व पीक करपल्यावर झालें. आपणांस तें आधीं करावयाची संधि आहे.

ई-पीक पाहणी 2021 पासून राज्यभर सुरू झाली आहे. शेतकरी स्वतःच्या हातानें आपलें पीक नोंदवितो, ही आमच्या काळीं स्वप्नांतहि नसलेली गोष्ट. तींत बियाण्याच्या मातृकुळाचा रकाना घालावयास सांगावें, असा एक अर्ज आम्हीं लिहून ठेविला आहे. तो मान्य होईल तेव्हां होईल. सरकारी रकाना किती दिवसांनीं वाढतो याचा आमच्याइतका अंदाज क्वचितच कोणास असेल.

तोंवर एक काम मंडळास आपल्या बळावर करतां येण्यासारखें आहे. येत्या हंगामांत सभासदांनीं पेरणीनंतर पिशव्या फेंकून देऊं नयेत. पिशवीवरची चिठ्ठी कापून, मागें आपला गट नंबर व पेरलेलें क्षेत्र लिहून ती मंडळाच्या कार्यालयांत आणून द्यावी. मंडळानें कंपन्यांस पत्र पाठवून प्रत्येक वाणाच्या मातेचें कुळ विचारावें. उत्तर आलें तर तें, न आलें तर 'उत्तर नाहीं' असें, याच मासिकांत छापावें. त्या चिठ्ठ्यांची नोंदवही आम्ही स्वतः लिहूं, विनामोबदला. वही आम्हीं आणून ठेविली आहे. तिचे रकाने आंखून झाले आहेत, आणि पहिल्या पानावर त्या बारा एकरवाल्या तरुण सभासदाच्या चार पिशव्यांसाठीं चार ओळी मोकळ्या सोडल्या आहेत.